लाल भांड्यावरचं अर्धं नाव

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. तू होतीस तेव्हा फोन होता, आणि तोही तूच करायचीस. "कुठं मेलास रे भिंगऱ्या?" हा तुझा हॅलो. आता तोच प्रश्न तुला उलटा विचारावा म्हटलं तर विचारता येत नाही.

काल अविधवा नवमी झाली. तुझ्या घरी, तुझ्या नावानं, तुझ्या आवडीचं जेवण झालं आणि मी पोटभर जेवून आलो. तिच्या हातचं. ते पचेना म्हणून लिहितोय. म्हणजे पोटाला पचलं, पोटाची तक्रार नाही. बाकीच्याला पचेना.

ती म्हणजे कांता. दाजींची दुसरी बायको. लासूर स्टेशनची. वडिलांच्या आजारपणात लग्न राहून गेलं, तिशी उलटली, मग दाजींचं स्थळ आलं. तुला जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. पावसाळे आपले म्हणायला, पाऊस होता कुठं!

सगळे म्हणतात बाई चांगली आहे. हेच तर दुखणं आहे, ताई! वाईट असती तर माझं किती सोपं झालं असतं.

मी सध्या शेंद्र्याला आहे, एका कंपनीच्या कँटीनमध्ये. किती दिवस टिकणार ते विचारू नकोस. कांदे चिरायचे, भात लावायचा, दोन शिफ्टची माणसं जेवू घालायची. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला ह्याहून मोठी खुर्ची कोण देणार? तू मात्र दोन्ही वेळा पेढ्यांची तयारी करून ठेवली होतीस. दुसऱ्या वेळी तर मी नापास झाल्यावरही वाटलेस. "परीक्षा झाली ना एकदाची," म्हणून.

हो, एक सांगायचं राहिलं. तू गेल्यावर शहराचं नाव बदललं. बसच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर असतं. माझ्या तोंडून अजून कधी हे येतं, कधी ते. कंडक्टर दोन्ही नावांना सारखाच वैतागतो, त्याला सुट्टे पाहिजेत. आणि झाल्टा फाट्याकडं एवढ्या इमारती झाल्यात की तुझी इमारत शोधताना मी अजून चुकतो. तू बुकिंगच्या दिवशी मला दाखवायला नेलं होतंस तेव्हा तिथं नुसतं वावर होतं. कडेला हुलगा उभा होता आणि तू बोट करून हवेत दाखवलं होतंस, "ते बघ, तिथं माझं स्वयंपाकघर."

असो. भांड्याची गोष्ट सांगायची आहे. पण ती आईच्या भांड्यापासून सुरू होते.

आठवतं ना? आईनं पाचोडच्या बाजारातून आणलेलं बिडाचं खोल भांडं. काळं, जाड, खरबरीत, दोन कानांचं. आई गेली तेव्हा आपल्या वाट्याला तिची दोन लुगडी आणि ते भांडं आलं. लुगड्यांची तू माझ्यासाठी गोधडी शिवलीस. भांडं तू लग्नात बरोबर नेलंस. सासूबाई म्हणाल्या, "हे काळं कशाला आणलं?" तू म्हणालीस, "ह्यात शेंगोळे होतात." झालं! पुढं तोंड उघडायची त्यांची छाती नव्हती.

हुलग्याचे शेंगोळे! पाऊस दगा देतो पण हुलगा देत नाही, म्हणून आपल्याकडं दुष्काळात तेच. बाकीची माणसं कंटाळायची, तू नाही. पीठ घट्ट मळायचं, तळहातावर वळायचं, लसणाच्या उकळत्या रश्श्यात सोडायचं आणि मंद आचेवर विसरून जायचं. स्टीलच्या पातेल्यात बुडाला लागतात, बिडात लागत नाहीत. सगळे बोटाएवढे, आणि एक मात्र गोल गोल गुंडाळलेला. "ही भिंगऱ्याची भिंगरी." तो सापडेपर्यंत मी सगळं ताट ढवळायचो.

मग ते टँकरचं साल आलं. तुम्ही तेव्हा चिकलठाण्याला दोन खोल्यांत भाड्यानं. चिऊ मांडीवरची. मी कुठून तरी परत आलेलो आणि तुझ्याकडं पडून. टँकर येणार, येणार म्हणून गल्ली सकाळपासून रांगेत, आणि आला तो नेमका तुझे शेंगोळे शिजल्यावर. घागर भरली, बादल्या भरल्या, चिऊचा टब भरला, कुकर भरला, पिठाचा डबासुद्धा रिकामा करून भरला. पाइपात पाणी अजून होतं आणि घरात भांडं उरलं नव्हतं. तू शेंगोळे परातीत ओतलेस आणि गॅसवरून उतरवलेलं ते तापलेलं बिडाचं भांडं तसंच पाइपाखाली धरलंस.

टण्!

केवढा आवाज तो! टँकरवालासुद्धा दचकला. भांड्याला वरपासून खालपर्यंत चीर, आणि चिरेतून पाणी चाललेलं. तू आधी पाणी गेलं म्हणून रडलीस. मग भांडं गेलं म्हणून. मी हसलो तर उलथनं फेकून मारलंस. काय नेम होता तुझा!

आणि मग तो मॉल. आपण सरकता जिना बघायला गेलो होतो. तू एका हातानं साडी आणि एका हातानं मला गच्च धरलेलं, चिऊ माझ्या खांद्यावर. वर भांड्यांचा भाग होता आणि तिथं ते ठेवलेलं. लाल, चकचकीत, जाड झाकणाचं. तू झाकण उचललंस आणि तुझा चेहराच बदलला.

"भिंगऱ्या, उचलून बघ की! आईच्या भांड्यावानी जड हाय रे."

उचललं. खरंच की. तिथली पोरगी लगबगीनं आली. "मॅडम, आत बीडच आहे, वरून इनॅमल. चिंच घाला, टोमॅटो घाला, काळं पडत नाही." तू मॅडम ह्या शब्दानंच एवढी लाजलीस की पुढचं काही ऐकलं नाहीस. जिन्यावरून खाली येताना म्हणालीस, "फ्लॅट मिळाला की पहिलं हे. आणि लालच."

फ्लॅट मिळाला, ताई. तू नव्हतीस. ड्रममध्ये साठवलेलं पाणी, त्यावरचे डास, डेंग्यू. मी तेव्हा एका ट्रकवर, वापीच्या पुढं. "त्याला कळवू नका, उगं धावत येईल," असं तूच म्हणालीस म्हणे. ह्या एका वाक्यावरून मी तुझ्यावर अजून चिडलेला आहे. मी सगळा जन्म धावतच होतो की! एकदा तुझ्याकडं धावलो असतो तर काय बिघडणार होतं?

तर त्या स्वयंपाकघरात आता कांता असते. तू हवेत बोट करून दाखवलेल्या जागी. खिडकीतून वारा येतो, ओटा काळ्या दगडाचा आहे, तुझा पोळपाट तिथं भिंतीला टेकून उभा असतो. तिचा असल्यासारखा.

मी जळतो, ताई. सरळच लिहितो. तिच्यावर जळतो, तिच्या ओट्यावर जळतो, चिऊ तिच्या कुशीत झोपते त्यावर जळतो. दाजी हसतात ग आता! रविवारी लुंगीवर बसून तिच्या शेजारी लसूण सोलतात. तुझ्या वेळेला ह्या माणसानं कधी लसूण सोलला होता का? सोलला असेल तर सांग, तेवढंच मला बरं वाटेल.

जळायची सवय मला जुनीच म्हणा. तुझ्या लग्नात कानपिळीला मला पुढं ढकललं, तेव्हा मी दाजींचा कान असा पिरगळला होता की सगळ्या फोटोंत एक कान लाल आलाय. लोक हसले. मला कुठं हसायचं होतं? माझी ताई नेत होता तो माणूस!

त्यांच्या दुसऱ्या लग्नात मी मागं उभा होतो. एक म्हातारी बाई मला धरून म्हणाली, "आता हीच तुजी ताई रे बाबा. हिला म्हायेर द्यायचं." रीत आहे ती, मला ठाऊक आहे. पहिलीच्या माहेरानं दुसरीला लेक मानायचं. पण रीत पाळायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड काही उघडेना. ती मला भैय्या म्हणते. मी तिला काहीच म्हणत नाही. "अहो" म्हणतो, "ऐका" म्हणतो, नाहीतर खोकतो.

तर महिन्याभरापूर्वी दाजींचा फोन आला.

"रविवारी ये. हिला एक भांडं घ्यायचंय. बिडाचं, वरून रंगीत असतं बघ ते. तू कँटीनमध्ये असतोस, तुला कळतं म्हणती."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. तुझं भांडं! तू बघून ठेवलेलं, तू हात लावलेलं. हिला कुठून सुचलं? तिसऱ्या मजल्यावरच्या बाईकडं पाहिलं म्हणे. आधी वाटलं, येत नाही म्हणावं. मग वाटलं, मी गेलो नाही तर ही कसलंही उचलून आणेल, आणि तुझ्या ओट्यावर कसलंही नको.

मग मी जे केलं ते तू बघायला पाहिजे होतंस. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत फोनवर नुसते त्या भांड्यांचे व्हिडिओ! दहावीला एवढा अभ्यास केला असता तर आज साहेब असतो. झाकण घट्ट बसलं पाहिजे, आणि त्याला आतून बारीक उंचवटे असले तर वाफेचं पाणी थेंब थेंब होऊन परत रश्श्यात पडतं. आतला रंग फिका घ्यावा, म्हणजे लसूण किती तांबूस झाला ते दिसतं. कान एवढे मोठे पाहिजेत की फडक्यासकट बोटं शिरतील. बूड सपाट. मोठ्या आचेवर नाही ठेवायचं, लोखंडी उलथनं नाही लावायचं, लाकडाचं लावायचं. आणि तापलेल्यावर गार पाणी नाही ओतायचं. हे ऐकताना मी फोनलाच म्हणालो, "ते आम्हाला सांगू नका."

रविवारी चिऊलाही घेऊन गुलमंडीच्या मागच्या गल्लीत गेलो. मॉलमध्ये नाही. दाजींचं म्हणणं, भांडं घ्यायचं तर ओळखीच्या दुकानातून. दुकानदार काकांकडं तांब्या-पितळेच्या घागरींशेजारी आता ही रंगीत भांडीसुद्धा मांडलेली. फ्लॅटवाल्या बाया मागतात म्हणाले.

"घरात माणसं किती?" काकांनी विचारलं.

"तीन," दाजी म्हणाले.

तीन. तुझ्या वेळेला कुणी विचारलं तर तू काय सांगायचीस? "तीन, अन् एक हा भिंगऱ्या, कधी टपकल नेम नाही. चार धरा." कुकर घेताना चार, ताटं घेताना चार. मी हुबळीला असलो तरी चार. आणि दाजी किती सहज तीन म्हणाले! मी तिथंच उभा होतो, ताई. त्यांच्या शेजारी.

काकांनी तिघांपुरतं एक गोंडस भांडं पुढं केलं. मी झाकण फिरवून बघितलं, कानात बोटं घालून बघितली, बूड फरशीवर टेकवून बघितलं. चांगलं होतं. नावं ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

"मोठं दाखवा," कांता म्हणाली.

"तीन माणसांना मोठं लई होईल, ताई. अन् जड बी लई," काका म्हणाले.

"उचलंन मी."

तिनं वाकून वरच्या मापाचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि तिचं मंगळसूत्र पुढं आलं. त्यात तुझ्या नावाचा टाक होता. दुसरीनं पहिलीच्या नावाचा घालायचा तो, एवढासा सोन्याचा पत्रा. म्हणजे तू तिच्या गळ्यात. माझ्याकडं तुझं काय आहे? ती लुगड्यांची गोधडी, तीही एका कडेनं उसवलेली. आणि मोठं भांडं कशाला, तर मला वाटलं, लासूरचे तिचे भाऊ येणार असतील जेवायला. तिच्या भावांसाठी जागा आहे, आपली नाही.

ती निळ्यावर हात फिरवत होती. निळा छानच होता, आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या आभाळासारखा, नुसता स्वच्छ.

"लाल," मी म्हणालो. "ताईला लाल पाहिजे होतं."

दाजी छताकडं पंखा बघायला लागले. कांतानं निळ्यावरचा हात काढला.

"लालच द्या," ती म्हणाली.

जिंकलो की मी! मग जिंकल्यासारखं का वाटेना?

आणि आता ऐक. भांडं कागदात गुंडाळायच्या आधी काकांनी विचारलं, "नाव काय टाकायचं?"

आपल्यात भांडं नावाशिवाय दुकानाच्या बाहेर पडतं का कधी? आईच्या वाटीवर नाव, तांब्यावर नाव, तुझ्या लग्नातल्या प्रत्येक ताटावर मामा, मावशी, शेजारी सगळे कोरलेले. लग्नाकार्यात भांडी एकमेकांकडं जातात, नावामुळं घरी परत येतात. त्या व्हिडिओवाल्यांनी एवढं सगळं सांगितलं, पण ह्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्यांच्या देशात भांड्यांवर नावं टाकत नसावेत बिचारे!

"चिऊचं टाका," दाजी म्हणाले.

"सुनंदा टाका," मी म्हणालो.

"भिंगऱ्या," दाजी खालच्या आवाजात म्हणाले, "वापरणार ही..."

"टाका सुनंदा," कांता म्हणाली. "त्यांनीच बघून ठेवलं हुतं ना?"

बघ! मला भांडूसुद्धा देत नाही ही बाई.

दुकानात नाव टाकणारा एक चाचा होता, पेन्सिलीएवढं घरघरणारं मशीन घेऊन बसलेला. लाल भांडं मांडीवर घेऊन म्हणाला, "ऐसे माल पे पहली बार डाल रहा हूँ. पण आजपर्यंत कोणत्या भांड्यानं मला ना नाही म्हटलं." आम्ही सगळे माना डोलवत उभे. एकालाही शंका आली नाही, ताई! चार माणसं, एक दुकानदार, एक चाचा, आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही की वरचा तो लाल थर म्हणजे काचच की एक प्रकारची.

घर्रर्र. 'सु' उमटला. बारीक, पांढरा, काय सुंदर! चाचानं फुंकर मारली, 'न'ला सुई टेकवली, आणि टचकन् नखाएवढी लाल कपची उडून घागरीवर आपटली. मागोमाग दुसरी. खालचं काळं बीड उघडं.

चिऊ ओरडली, "मामा, आईचं नाव फुटलं!"

चाचानं मशीन बंद केलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. दाजी काकांवर चिडले. काका म्हणाले, "नाव टाकलेला माल परत घेत नसतोत, साहेब. अर्धं टाकलं तरी टाकलंच." दाजी मग माझ्याकडं वळले, "झालं समाधान?" मी वाकून उडालेल्या कपच्या वेचायला लागलो. तुझं नाव घालायला गेलो आणि तुझंच भांडं फुटलं. दुसऱ्यांदा!

कांतानं वाकून त्या काळ्या जागेवर अंगठा फिरवला. आणि ती हसली, ताई. खवचट नाही, आपली साधी.

"चीर न्हाई गेली. वरचंच उडालंय," ती म्हणाली. "आत आपलं बीडच हाय की. लासूरला तवा कसा ठिवतोत, तसं तेलाचं बोट लावलं की गंजत नसतं. बांधा काका."

रिक्षात भांडं तिच्या मांडीवर, चिऊ तिच्या कुशीत. मी पुढं, रिक्षावाल्याच्या अर्ध्या सीटवर, एक पाय बाहेर. क्रांती चौकापर्यंत मी ठरवून टाकलं होतं की आता ह्या घरी पुन्हा यायचं नाही. तीन माणसांचं घर आहे, तीन माणसांनी राहावं. नाशिकला एकाचं बोलावणं होतं, तिकडं निघून जावं. तुझी नवमी झाली की.

मग काल नवमी आली.

मी मुद्दाम लवकर गेलो, नावं ठेवायला. आत शिरलो तर कांता हुलग्याचं पीठ मळत बसलेली. मी दारातच थबकलो.

"भैय्या, ह्यांला इचारलं ताईंना काय आवडायचं, तर म्हणले पुरणपोळी. खरं का?"

पुरणपोळी! दाजींना स्वतःला आवडते पुरणपोळी! एवढी वर्षं संसार केला आणि बायकोची आवड सांगितली ती स्वतःची. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! ह्या बाबतीत तरी तू माझीच.

"मग तुम्ही हे पीठ कसं काय...?"

"चिऊ म्हणली, आई शेंगोळे करायची. म्हणून तुमची वाट बघायलते. पाणी किती, लसूण किती, तेवढं सांगा."

दाजी बाहेरून कुरकुरले, "नैवेद्याला लसूण नसतो." ती आतून म्हणाली, "जेवणाऱ्याची आवड बघायची असती का आपली?" हे वाक्य तुझ्या तोंडी शोभलं असतं, म्हणून तेही मला लागलं.

मी सांगत गेलो, ती करत गेली. लाल भांड्यात रस्सा उकळला. आतून फिका रंग, लसूण तांबूस झालेला लांबून दिसला. तिनं शेंगोळे वळले, सरळ, आखूड, एकसारखे. तुझ्यासारखे वेडेवाकडे नाहीत. भिंगरी तिला कुणी सांगितली नव्हती. हे तरी माझ्यापाशी उरलं म्हणून मी हळूच खूश झालो. मग पिठाचा शेवटचा गोळा राहिला, चिऊ माझ्याकडं बघत होती, आणि मी काय करावं? मीच बसून गोल गोल वळला. "ही भिंगरी. तुझ्या आईची." उकळीत ती सुटली आणि तिचे तीन तुकडे झाले. चिऊनं तिन्ही शोधून खाल्ले.

"मोठं भांडं बरं पडलं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. "तुमचे भाऊ येणार असतील ना आज?"

"माजे भाऊ? ते कशाला येतेत." तिनं झाकण ठेवलं. "दुकानात हे तीन म्हणले. पण लगीन होऊन घरात आल्या आल्या चिऊनं मला सांगितलं हुतं, आपल्याकडं चार माणसं धरायची, मामा कधी बी येतो. म्हणून मोठं घेतलं."

ताई, तू चिऊला हे कधी शिकवून ठेवलंस? एवढीशी होती ती! आणि शिकवलंस तर मला का नाही सांगितलंस? मी नाशिकला जायचं पक्कं करून, पिशवी भरून आलो होतो. त्या पिशवीला टेकून मी तिथंच, ओट्याखाली, बसून राहिलो. डोळ्यांना लसणाची वाफ लागली असं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

तुझं पान वाढलं. शेजारची एक सवाष्ण जेवली, तिची ओटी भरली. गच्चीवर नैवेद्य ठेवला. कावळ्याचं विचारू नकोस, त्या भागात पारवेच लई. मग आम्ही बसलो. चिऊ म्हणाली, "आई, मामाला वाढ ना." आधी ती तिला छोटी आई म्हणायची. ते 'छोटी' कधी गळून पडलं कुणास ठाऊक. तिनं वाढलं, आणि मी खाल्लं.

चव कशी होती? सांगणार नाही. तीनदा घेतले एवढं सांगतो.

जेवणं झाल्यावर दाजी भांडं उचलून नळाखाली धरायला निघाले. ती आणि मी दोघंही एकदम ओरडलो, "गार होऊ द्या आधी!" दाजी दचकले. आम्ही एकमेकांकडं बघितलं. तिला ते टँकरचं माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं, टण् पासून उलथन्यापर्यंत सगळं, आणि ती पदर तोंडाला लावून हसली. तुझी गोष्ट सांगताना मला पहिल्यांदाच कुणी रडून दाखवलं नाही.

मग भांडं गार झालं, तिनं घासलं, पुसलं, आणि गोडेतेलात बोट बुडवून त्या फुटक्या जागेवर फिरवलं. 'सु'च्या शेजारी. "रोज लावते आई," चिऊ म्हणाली. रोज, ताई! मी जळलो. तुझ्या नावावर रोज बोट फिरवायची पाळी तिची. माझ्या नशिबात वर्षातून एक नवमी.

निघताना तिनं डबा दिला आणि दारात म्हणाली, "भाऊबीजेला येताल ना, भैय्या? माजे भाऊ दिवाळीत दुकानातून निघत न्हाईत. ताट करून बसावं तर कुणासाठी?"

मी "बघू" म्हणालो आणि जिना उतरलो. पिशवी हातात, डबा पिशवीत. फाट्यावर नाशिककडची बस लागली होती आणि मागून शेंद्र्याची आली. मी शेंद्र्याच्या बसमध्ये चढलो. आता हे लिहितोय ते कँटीनच्या मागं, तांदळाच्या पोत्यावर बसून. डबा धुऊन ठेवलाय. त्यावर तुझं नाव आहे, पूर्ण. तो परत न्यायलाच पाहिजे.

तर वचन देतो. भाऊबीजेला मी जाणार. कपाळ पुढं करणार, ओवाळून घेणार, ताटात काहीतरी घालणार. पण तिला ताई म्हणणार नाही, म्हातारीनं कितीही सांगू दे. ताई एकच. तिला अक्का म्हणेन. दर वेळी खोकून घसा दुखायला लागलाय. आणि जळणं काही सुटणार नाही, ते सोडायचं वचन माझ्याकडं मागू नकोस. जळत जळत जाईन, पण जाईन. तू चार माणसं धरून ठेवलीस ना? मग चौथ्यानं यायला नको का!

तुझाच, आणि आधी तुझाच,
भिंगऱ्या